मका कोणता पेरू? आधी सांगा, कापणार कधी

कन्नड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: "आमची साडेतीन एकर मध्यम काळी जमीन आहे. विहिरीला पाणी मार्चअखेरपर्यंत पुरतं. गोठ्यात चार संकरित गाई, एक म्हैस, शिवाय साठेक गावरान कोंबड्या. दरवर्षी दुकानदार देईल तो मका लावतो. गेल्या वर्षी त्यानं 'दाणाही भरपूर, चाराही भरपूर' म्हणून जी पिशवी दिली, तिचा दाणा चांगला आला. पण कणसं काढून उरलेली धाटं गाईंना घातली, तर दूध दोन-दोन लिटरनं उतरलं. मे-जूनमध्ये चारा विकत घेतला, त्यात दुधाचा पैसा गेला. आता आमचे दीर म्हणतात, घरच्याच मक्याचं बी पेरू, पिशवीचे पैसे वाचतील. दादा, दाणा आणि चारा दोन्हीला चालेल असा एखादा चांगला वाण सांगा. मुरघासाचंही मनात आहे."

ताई, नमस्कार.

तुम्ही वाणाचं नाव विचारलंय आणि मी खाली नावंही देणार आहे. पण तुमच्या गाईंचं दूध वाणाच्या नावानं उतरलेलं नाही. मक्याचं कणीस पिकलं, पानं वाळली, म्हणजे धाटातली साखर आणि प्रथिनं दाण्यात निघून गेलेली असतात. मागे उरतो तो लाकडासारखा झालेला दांडा. हिरव्या मक्यात, वाळल्या वजनावर धरलं, तर आठ ते दहा टक्के प्रथिनं मिळतात. कणसं खुडल्यावरच्या धाटांत ती चार-पाच टक्क्यांवर येतात. गाय पोटभर खाते, रवंथही करते, आणि तरी कासेत काही उतरत नाही. दुकानदार खोटं बोलला नाही. दाणा भरपूर आला, वैरणीचा ढीगही भरपूर झाला. तो ढीग दुभत्या जनावराच्या कामाचा नव्हता, एवढंच.

म्हणून मी दरवेळी उलटा प्रश्न विचारतो: हा मका तुम्ही कितव्या दिवशी कापणार आणि तो कुणाच्या तोंडी जाणार? पासष्टाव्या दिवशी हिरवा कापून गाईला घालायचा मका, पंच्याऐंशी-नव्वदाव्या दिवशी मुरघासासाठी (म्हणजे कुट्टी करून खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेल्या चाऱ्यासाठी) कापायचा मका आणि एकशेदहाव्या दिवशी कणसं खुडून पोत्यात भरायचा मका ही तीन वेगळी पिकं समजा. तिघांचं बी वेगळं, पेरणीची दाटी वेगळी. तुमच्या साडेतीन एकरांत तिन्ही बसतात. कसं ते सांगतो.

आधी रोजचा हिरवा चारा. यासाठी आफ्रिकन टॉल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही शिफारस जुनी आहे आणि इतक्या वर्षांनंतरही मला तिच्याइतकी भरवशाची दुसरी जात सांगता येत नाही. उंच वाढते, पानं रुंद, गाई दांड्यासकट खातात. एकरी तीस किलो बी लागतं, तिफणीनं एक फूट अंतरावर ओळी. दाण्याच्या मक्याची सवय असलेल्यांना इतकं बी टाकायला जिवावर येतं आणि ते आठ-दहा किलोत भागवतात. मग दांडे मनगटासारखे जाड होतात आणि निम्मा चारा गव्हाणीत उरतो. दाट पेरलं तरच दांडा बारीक आणि रसाळ राहतो. तुरे निघून साधारण निम्म्या झाडांना केस फुटले की कापायला सुरुवात करा, कणसातला दाणा दुधात आहे तोवर संपवा. हा काळ जेमतेम पंधरा दिवसांचा असतो. नेमकं हेच विसरून बहुतेक जण एक एकर चारा एकाच दिवशी पेरतात. पहिला आठवडा कोवळा पाणचट, पुढचे पंधरा दिवस छान आणि मग महिनाभर बांबू.

तुमचा हिशेब मांडून बघू. पाच जनावरं, दर जनावराला सरासरी पंचवीस किलो हिरवा मका, म्हणजे दिवसाला सव्वाशे किलो. विद्यापीठाच्या शिफारशीत एकरी वीस टनांच्या वरचा आकडा असतो. आपण गुंठ्याला चारशे किलो, म्हणजे एकरी सोळा टनच धरू, कारण खत-पाण्यात आपल्याकडून थोडं इकडेतिकडे होतंच. पाच गुंठ्यांत दोन टन झाले. सव्वाशेनं भागा, सोळा दिवस. म्हणजे दर पंधरा दिवसांनी पाच गुंठ्यांचा एक पट्टा पेरायचा. एक पट्टा कापणीपर्यंत सत्तर-पंच्याहत्तर दिवस जागा अडवतो, थंडीत आणखी आठ-दहा दिवस, म्हणजे एका वेळी पाच-सहा पट्टे उभे असतील. तीस गुंठे याला द्या. पहिला पट्टा जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर, शेवटचा जानेवारीच्या मध्याला. ऑगस्टअखेर ते मार्चअखेर रोज ताजा चारा, आणि विहीर आटायच्या आत शेवटचा पट्टा कापलेला.

यात दोन ओळी मका आणि एक ओळ चवळी केलीत तर फार बरं. मका पोट भरतो, ताकद देतो, पण नुसत्या मक्यावर गाईला प्रथिनं आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतं. तुमच्याकडे लसूणघास असला तर उत्तमच. नसला तर विहिरीजवळ दहा गुंठे कराच.

आफ्रिकन टॉलचा आणखी एक गुण तुमच्या दिरांना सांगा. ही संमिश्र जात आहे, संकरित नाही. हिचं बी घरी धरता येतं. चार-पाच गुंठे विरळ ठेवून पिकू द्यायचे आणि मधल्या झाडांची निरोगी, टोकापर्यंत भरलेली कणसं निवडायची. कडेच्या ओळींतली घ्यायची नाहीत, कारण शेजारच्या मक्याचा पराग त्यांच्यावर पडलेला असतो. दोनशे मीटरच्या आत दुसरा मका त्याच वेळी फुलोऱ्यात असला तर बी शुद्ध राहत नाही, हे मात्र खरं. तुमच्या भागात खरिपात चहूकडे मकाच असतो. त्यामुळे बियाण्याचा तुकडा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेरणीनंतर महिनाभरानं पेरा.

मात्र दीर जे घरचं बी म्हणताहेत ते पिशवीतल्या संकरित मक्याचं आहे. ते दाण्यासाठी पेरू नका. संकरित वाणाचा जोर पहिल्याच पिढीचा; दुसऱ्या पिढीत एक झाड डोक्याइतकं, दुसरं कमरेइतकं, कुठे कणीस, कुठे नुसतं पान. दोन पिशव्यांचे पैसे वाचवून एकरी कित्येक क्विंटल गमवायचे, असा तो सौदा होतो. चाऱ्याच्या एखाद्या पट्ट्यात, हाताशी दुसरं बी नसताना, दाट पेरून वापरलं तर चालतं. आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच-सहा दिवसांनी कोंब मोजा, म्हणजे किती बी टाकायचं ते कळेल.

आता मुरघास. इथे मी स्वतः चूक केलेली आहे, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगतो. मुरघासाच्या पहिल्या वर्षी मी आफ्रिकन टॉलच लावला. दहा-अकरा फुटांचं उभं पीक बघून गावातले लोक थांबायचे. मला वाटलं, जितकी उंची तितका मुरघास. दाणा दुधातही नव्हता तेव्हा वादळी पावसाची भीती वाटली म्हणून कापला, कुट्टी केली, खड्ड्यात दाबला. चौथ्या दिवसापासून खड्ड्याच्या तळातून काळपट पाणी वाहायला लागलं. दीड महिन्यानं उघडला तर आंबट उग्र वास, आणि गाईंनी तोंड फिरवलं. निम्मा खड्डा खतात गेला. त्या वर्षी मी उन्हाळ्यात जो चारा विकत घेतला, त्याचा भाव अजून लक्षात आहे.

मुरघासाला पाणी नको, दाणा हवा. त्याची खरी ताकद कणसातल्या पिठात असते. म्हणून त्यासाठी चाऱ्याचा उंच वाण न लावता, ज्याला मोठी कणसं येतात आणि कणीस भरलं तरी पानं हिरवी राहतात असा दाण्याचा संकरित वाणच लावायचा. पिशवीवर कंपनी काय छापते त्यावर जाऊ नका. तुमच्याच शिवारात रब्बीचा मका उभा असेल तेव्हा फिरून बघा: कणसाचं वरचं साल पिवळं पडलंय आणि त्याच्या वरची चार-पाच पानं अजून हिरवीगार आहेत, असा प्लॉट दिसला की मालकाला वाणाचं नाव विचारा. तो वाण तुमच्या मातीत, तुमच्या हवेत पारखलेला असतो. दाण्यापेक्षा किंचित दाट लावा, एकरी दहा किलो बी पुरे.

कापायची वेळ कणीस मोडून ठरवा. कणसाचे मधोमध दोन तुकडे करा आणि टोकाकडच्या तुकड्याच्या मोडलेल्या बाजूचे दाणे बघा. दाण्याच्या माथ्याकडून पिवळा कठीण भाग आणि खाली पांढरा चिकाचा भाग, मध्ये एक रेघ दिसते. ती रेघ निम्म्यावर आली की त्या आठवड्यात कापा. दुसरी खूण हाताची: कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडा. पाणी टपकलं तर थांबा, हात नुसता ओलसर झाला आणि गोळा हळूहळू सुटला तर वेळ झाली. लगेच विस्कटून भुगा झाला तर उशीर झालाय. कुट्टी अर्ध्या ते पाऊण इंचाची करा. दाणे फुटले पाहिजेत, नाहीतर ते शेणातून अख्खे बाहेर पडतात.

एप्रिल ते जुलै असे चार महिने, जनावराला दिवसाला पंधरा किलो धरला तर पाच जणांचा पाऊण क्विंटल, एकशेवीस दिवसांचे नऊ टन. आंबण्यात आणि कडेला थोडं वाया जातं, म्हणून साडेदहा टन हिरवा मका भरायला हवा. चांगल्या पिकात तो तीस गुंठ्यांत निघतो. खड्डा वीस फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल, आणि वर दीड फुटाचा उंचवटा येईपर्यंत दाबून भरायचा. भरणं दोन दिवसांत संपवा आणि थर ट्रॅक्टरच्या चाकानं किंवा माणसांच्या पायानं इतका दाबा की टाच रुतू नये. आत हवा राहिली की बुरशी आलीच. प्लास्टिक चढवून वर माती किंवा जुने टायर, आणि पंचेचाळीस दिवस कुणालाही उघडू देऊ नका. खरिपात भरला तर सप्टेंबरात ते तीस गुंठे मोकळे होतात, हरभऱ्याला वेळेत मिळतात.

चाऱ्याचे तीस, मुरघासाचे तीस आणि लसूणघासाचे दहा गेले, उरले सत्तर गुंठे. ते दाण्याचे. इथे राहुरी विद्यापीठाचा राजर्षी हा संकरित वाण चांगला आहे, किंवा तुमच्या शिवारात दोन वर्षं पारखलेला एखादा कंपनीचा वाण. एकरी आठ किलो, म्हणजे चार किलोच्या दोन पिशव्या. दोन ओळींत दोन ते अडीच फूट आणि दोन झाडांत वीस सेंटीमीटर. खरिपात फार लांब मुदतीच्या वाणाच्या मागे लागू नका. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात सापडलेलं कणीस टोकाकडून काळं पडतं. कणीस टोकापर्यंत सालात घट्ट झाकलेलं राहतं असा वाण निवडला तर पाणी आत शिरत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, शेतातच दिसतं. पिशवीवरची चाचणीची तारीख बघा, उगवण नव्वद टक्के छापलेली हवी. पावती, रिकामी पिशवी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हातात पुरावा लागतो. आणि रंग लावलेलं उरलेलं बी चुकूनही कोंबड्यांपुढे टाकू नका, ते औषध लावलेलं असतं.

दाण्यातला किती विकायचा हेही गोठ्यावरून ठरवा. तुमच्या कोंबड्यांना दिवसाला तीन किलो मका धरला तर वर्षाला अकरा क्विंटल होतात. गाई-म्हशीला खुराकात दिवसाला किलो-सव्वा किलो भरडा, म्हणजे आणखी वीसेक क्विंटल. खुराकाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मका नको. एकदम जास्त भरडा पोटात गेला की ॲसिडोसिस होतं, म्हणजे पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, जनावर बसतं. उरेल तो विका. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये होती, पण आडतीवर व्यापारी पोत्यात हात घालून ओलावा बघतो आणि त्यावरच भाव काढतो. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की पीक तयार झालं. त्यानंतर उन्हात वाळवून ओलावा बारा-तेरा टक्क्यांवर आणा, दाताखाली कट्‌ आवाज आला पाहिजे. ओला मका साठवला की त्यावर हिरवट बुरशी चढते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, गाईच्या पोटातून थेट दुधात उतरतं. एक किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम, एवढीच त्याची कायद्यानं मर्यादा आहे. बुरशी आलेला मका 'विकायला नको, गोठ्यात खपवू' असं घराघरांत होतं. कृपा करून तसं करू नका. ते दूध तुमच्या घरातली मुलंही पितात.

कोंबड्यांवरून एक वेगळी गोष्ट. तुम्ही 'प्रथिनयुक्त मका' असं ऐकलं असेल. हरियाणाच्या कृषी विद्यापीठाचा एचक्यूपीएम-१ हा त्यातला नावाजलेला संकरित वाण. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतले गरजेचे घटक असतात, त्यांचं प्रमाण साध्या मक्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. हा मका माणसाला आणि कोंबडीला खरोखर लागतो. गाईसाठी मात्र त्याच्यावर पैसा घालू नका, कारण गाईच्या मोठ्या पोटातले जंतू आपली प्रथिनं स्वतः बनवतात. साधा मका काय आणि हा काय, तिला फारसा फरक पडत नाही. शिवाय या मक्याचा गुण असा नाजूक की शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला की तो दाणा साधाच होतो. कन्नड-सिल्लोडच्या मक्याच्या समुद्रात पाच गुंठे लावून काही हाती येणार नाही. कोंबड्यांसाठी तुम्ही पिवळा मकाच वापरा, त्यानं बलकाला रंग येतो.

अमेरिकन लष्करी अळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ती तुम्हाला विचारणार नाही. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्ग्याला पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षी सोलापूरमार्गे आपल्याकडे आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. दाण्याच्या आणि मुरघासाच्या मक्याला बीजप्रक्रिया करून पेरा, एकरी पाच कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, अळीचा भुसा दिसला की वेळ घालवू नका. हिरव्या चाऱ्याच्या पट्ट्यांवर मात्र रासायनिक फवारणी नकोच. तिथे पाच टक्के निंबोळी अर्क, नाहीतर अंडीपुंज हातानं चिरडणं. पट्टे लहान असल्यानं ते जमतं. फार लागण झालेला पट्टा थोडा लवकर कापून जनावरांना घाला. अळीसकट चारा खाल्ल्यानं गाईला काही होत नाही, औषधानं होतं. मुरघासाच्या मक्यावर फवारलंच, तर डब्यावर लिहिलेले दिवस पुरे झाल्याशिवाय कापू नका.

आणि पाऊस तीन-चार आठवडे उघडला, मका सुकून गेला आणि मग एकदम सर पडली, तर लगेच दुसऱ्या दिवशी कापायला जाऊ नका. अशा ताणात युरिया टाकलेल्या मक्याच्या बुडाशी जनावराला विषारी ठरणारं नायट्रेट साठतं. आठ दिवस थांबा, जमिनीपासून फूटभर वरून कापा, सुरुवातीला वाळल्या वैरणीत मिसळून थोडाथोडा द्या. गाय धापा टाकायला लागली, हिरड्या तपकिरी दिसल्या, तर घरगुती उपाय न करता त्याच मिनिटाला जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

गेल्या वर्षीची धाटं अजून पडून असतील तर फेकू नका. कुट्टी करून भाकड जनावराला, किंवा दुभत्या गाईला घास-चवळीसोबत तोंडी लावण्यापुरती द्या, दोन-तीन किलो. दुधाच्या भरवशानं मात्र नाही.

ऑगस्टअखेर पहिला पट्टा कापाल तेव्हा एक गुंठा मोजून दोरी लावा आणि त्यातला सगळा मका वजनकाट्यावर घाला. मी चारशे किलो धरलेत. तुमच्याकडे तीनशे भरले तर पट्टा पाचाचा सात गुंठ्यांचा करायला लागेल, पाचशे भरले तर चार पुरतील. तो आकडा मला कळवा, पुढच्या पट्ट्याआधी सगळा हिशेब नव्यानं मांडून पाठवतो.